केविन गार्नेटचे करार: व्यावसायिक बास्केटबॉलपटूची कारकीर्द कागदावर कशी घडते

आयपीएलचा लिलाव पाहायची सवय झालेल्या माणसाला अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा कारभार सुरुवातीला बुचकळ्यात टाकतो. तिथे बोली लागत नाही आणि हातोडाही पडत नाही. नवख्या खेळाडूला आपण कोणत्या शहरात खेळणार हे ठरवण्याचा अधिकार नसतो आणि त्याचा पगारही आधीच छापलेल्या तक्त्यातून येतो. मात्र तीन-चार वर्षांनी तोच खेळाडू संघाच्या मालकाला आपल्या होकाराची वाट पाहायला लावू शकतो. या उलटापालटीचे मूळ संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात दर काही वर्षांनी होणाऱ्या एका जाडजूड सामूहिक करारात आहे. त्या करारातली कलमे एकापाठोपाठ एक वाचली तर फारसे हाती लागत नाही. तीच एखाद्या खेळाडूच्या आयुष्यात घडताना पाहिली तर बरीच उलगडतात. त्यासाठी केविन गार्नेटइतका सोयीचा खेळाडू मला दुसरा दिसत नाही, कारण या करारातली बहुतेक महत्त्वाची कलमे त्याला लागू झाली आणि एकदोन तर त्याच्यामुळेच लिहिली गेली.

गार्नेटचा जन्म १९ मे १९७६ रोजी साउथ कॅरोलायना राज्यातील ग्रीनव्हिल येथे झाला. शाळेचे शेवटचे वर्ष त्याने शिकागोतील फॅरागट या शाळेत काढले आणि १९९५ साली, कॉलेजचे तोंडही न पाहता, थेट एनबीएच्या ड्राफ्टसाठी नाव दिले. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वाटणी. आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना निवडीची संधी आधी मिळते; पहिले काही क्रमांक त्या संघांमध्ये सोडत काढून ठरतात. ज्या संघाने निवडले त्याच्याशीच खेळाडूला करार करता येतो. हेतू असा की दुबळ्या संघाला ताजे रक्त मिळावे आणि श्रीमंत शहरांनी सगळे गुणी खेळाडू पळवू नयेत. गार्नेटला पाचव्या क्रमांकावर मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज या संघाने घेतले. हा संघ १९८९ पासून लीगमध्ये होता आणि तोवर एकदाही प्लेऑफपर्यंत पोहोचला नव्हता.

शाळेतून सरळ एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला जाणारा तो वीस वर्षांतला पहिला खेळाडू होता. त्याआधी १९७५ मध्ये दोघे जण असे आले होते आणि नंतर ती वाट जवळजवळ बंदच पडली होती. कायद्याची आडकाठी मात्र नव्हती, कारण शाळा सुटल्यावर चार वर्षे थांबण्याचा जुना नियम स्पेन्सर हेवूड या खेळाडूच्या खटल्यामुळे १९७१ मध्येच ढिला पडला होता. आडकाठी होती ती संघांच्या मनात, की अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा धिप्पाड, मुरलेल्या पुरुषांपुढे कसा टिकणार? गार्नेट टिकला आणि दार सताड उघडले. पुढच्याच वर्षी कोबी ब्रायंट आला, २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स आला. पण याच दारातून कॉर्लिओन यंगही आला होता, ज्याला १९९८ मध्ये डेट्रॉइटने घेतले आणि ज्याची एनबीएतली सारी कारकीर्द अवघ्या ३ सामन्यांत आटोपली. २००५ च्या सामूहिक करारात किमान १९ वर्षे वयाची आणि शाळा संपून एक वर्ष उलटण्याची अट आली. आजचे गुणी खेळाडू एकच वर्ष कॉलेजात काढून बाहेर पडतात, ते या अटीमुळे.

आता पैशांकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. १९९४ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू ग्लेन रॉबिन्सन याने एकही सामना खेळण्याआधी १० कोटी डॉलर मागितले होते आणि अखेर त्याच्या दहा वर्षांच्या करारावर सुमारे ६.८ कोटींवर तडजोड झाली होती. मालक हादरले. त्यांनी १९९५ च्या सामूहिक करारात पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूंसाठी वेतनश्रेणी आणली. सरकारी नोकरीत असते तशीच, क्रमांक अमुक तर पगार तमुक. मुदत तीन वर्षांची. ही श्रेणी ज्यांना प्रथम लागू झाली त्या तुकडीतच गार्नेट होता, आणि त्याला तीन वर्षांचे मिळून सुमारे ५६ लाख डॉलर मिळणार होते.

मालकांना वाटले, प्रश्न मिटला. पण तीन वर्षांनी खेळाडू पूर्ण मोकळा होणार होता, हवे त्या संघात जायला मुखत्यार. म्हणजे दुसरे वर्ष संपताच मूळ संघाला त्याच्याशी नवा करार करून घेण्याची घाई होणार आणि त्या घाईची किंमत खेळाडू वसूल करणार हे उघड होते. १९९७ मध्ये मिनेसोटाने गार्नेटला सहा वर्षांसाठी १०.३५ कोटी डॉलर देऊ केले. त्याने नकार दिला. एकवीस वर्षांच्या मुलाने दहा कोटी नाकारल्यावर वर्तमानपत्रांनी त्याला धारेवर धरले, पण त्याच्या एजंटने मालकाची अडचण अचूक जोखली होती. मालक ग्लेन टेलर यांनी काही वर्षांपूर्वी अख्खा संघच ८.८ कोटींना घेतला होता आणि गार्नेट गेला तर त्या संघात पाहण्यासारखे फारसे उरणार नव्हते. १ ऑक्टोबर १९९७ रोजी सहा वर्षांच्या, १२.६ कोटी डॉलरच्या करारावर सह्या झाल्या. संघाच्या खरेदीपेक्षा संघातल्या एका खेळाडूचा करार महाग ठरला. नवख्यांचे पगार रोखण्यासाठी केलेल्या नियमानेच हा आकडा जन्माला घातला, याची मला अजूनही गंमत वाटते.

हा करार इतका का खुपला हे कळण्यासाठी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा, समजून घ्यावी लागते. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाकडे ठरावीक रकमेची पर्स असते आणि तिच्या बाहेर एक रुपयाही जाता येत नाही. २०२५ च्या हंगामाआधीच्या मोठ्या लिलावात ही पर्स १२० कोटींची होती आणि ऋषभ पंतवर त्यातले २७ कोटी, म्हणजे साडेबावीस टक्के, खर्च झाले. एनबीएची कॅप अशी बंदिस्त नाही. तिला भोके आहेत आणि ती मुद्दाम ठेवलेली आहेत. त्यांतले सर्वात मोठे लॅरी बर्ड या बोस्टनच्या खेळाडूच्या नावाने ओळखले जाते: आपल्याकडे सलग तीन वर्षे असलेल्या खेळाडूला राखण्यासाठी संघ कॅपच्या वर जाऊ शकतो, बाहेरचा मोठा खेळाडू आणताना मात्र कॅपमध्ये जागा असावी लागते. लोकांचे लाडके खेळाडू निव्वळ हिशेबापायी गाव सोडून जाऊ नयेत, असा त्यामागचा विचार. पण वर जाण्याची मुभा असली तरी वजन तेच राहते. २००३-०४ मध्ये गार्नेटचा एकट्याचा पगार २.८ कोटी होता आणि त्या वर्षीची कॅप ४.३८ कोटी. पंतने पर्सचा पाव हिस्साही घेतला नव्हता. गार्नेटचा पगार कॅपच्या सुमारे ६४ टक्के भरत होता.

मालकांनी यावर टाळेबंदी पुकारली. मुंबईच्या गिरणगावाला हा शब्द चांगलाच परिचित आहे, फरक एवढाच की इथे दाराबाहेर लक्षाधीश कामगार होते. १ जुलै १९९८ पासून जानेवारी १९९९ पर्यंत लीग बंद राहिली आणि ८२ सामन्यांचा हंगाम ५० सामन्यांवर आला. कारणे अनेक होती, पण मालकांच्या तोंडी उदाहरण गार्नेटचेच असे. जो नवा करार झाला त्यात प्रथमच एका खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा घातली गेली. लीगमध्ये किती वर्षे काढली यानुसार ती कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्क्यांच्या हिशेबाने ठरू लागली. नवख्यांचा करार चौथ्या वर्षापर्यंत लांबवण्याचा हक्क संघाला मिळाला, आणि त्यानंतर दुसऱ्या संघाने देऊ केलेली रक्कम तितक्याच रकमेने परतवून खेळाडू राखण्याचाही. आयपीएलमधले ‘राइट टू मॅच’ कार्ड ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कल्पना लगेच कळेल.

गार्नेटचा आधीचा करार मात्र अबाधित राहिला. शिडी चढून वर गेलेल्याने ती ओढून घ्यावी असे ते झाले, फक्त ओढणारे मालक होते. याचा पहिला फटका त्याच्याच संघाला बसला. स्टीफन मार्बरी हा त्याचा तरुण, तितकाच महत्त्वाकांक्षी साथीदार. नव्या मर्यादेमुळे त्याला गार्नेटइतके पैसे कधीच मिळणार नव्हते. मार्च १९९९ मध्ये तो दुसऱ्या संघात निघून गेला.

दुसरा फटका संघाने स्वतःच्या हाताने ओढवून घेतला. १९९५ च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू जो स्मिथ १९९९ मध्ये मिनेसोटात आला, तोही त्याच्या योग्यतेच्या मानाने फुटकळ रकमेवर. लोकांना नवल वाटले. खरा व्यवहार पडद्याआड होता: स्मिथने एकेक वर्षाचे तीन स्वस्त करार करायचे, तीन वर्षे भरली की बर्डच्या नावाचा तो हक्क संघाला मिळणार, मग कॅप ओलांडून त्याला घसघशीत करार द्यायचा. लेखी स्वरूपातले असे गुप्त आश्वासन हा लीगच्या दृष्टीने सर्वात मोठा गुन्हा. एजंटांच्या आपसातील कोर्टकज्ज्यात तो कागद बाहेर आला आणि २००० मध्ये लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी ३५ लाख डॉलर दंड ठोठावून मिनेसोटाच्या पहिल्या फेरीतल्या ५ निवडी काढून घेतल्या. त्यांतल्या काही पुढे परत मिळाल्या. पण वेतनश्रेणीत बांधलेला तरुण खेळाडू हाच या व्यवस्थेतला एकमेव स्वस्त माल असतो, आणि ज्या संघाचा अर्ध्याहून अधिक कॅप एका माणसावर जातो त्याला त्या मालाची गरज सर्वांत जास्त. नेमके तेच दुकान बंद झाले.

१९९७ ते २००३ अशी सलग सात वर्षे मिनेसोटा प्लेऑफच्या पहिल्या फेरीत हरला. ‘पैसे घेतो, पण जिंकून देत नाही’ ही टीका गार्नेटला या काळात सतत ऐकावी लागली आणि ती अन्यायाची होती असे माझे मत आहे. ६ फूट ११ इंच उंचीचा हा खेळाडू बास्केटखाली रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत उसळलेले चेंडू, गोळा करायचा, लांबून नेम साधायचा, पास द्यायचा आणि बचावात पाचही जागा सांभाळायचा; त्याच्या बाजूला दुसरा मोठा खेळाडू उभा करायला संघाकडे ना कॅप होती ना ड्राफ्ट. २००३-०४ मध्ये अनुभवी सॅम कॅसेल आणि लॅट्रेल स्प्रीवेल आले, तेव्हा काय होऊ शकते ते दिसले. संघाने ५८ सामने जिंकले, गार्नेटने सरासरी २४.२ गुण आणि १३.९ रिबाउंड मिळवले, तो हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लेकर्सकडून ४-२ असा हरला. पुढची तीन वर्षे प्लेऑफही हुकला.

अशा वेळी एनबीएत अदलाबदल होते, ज्याला सगळे ‘ट्रेड’ म्हणतात. फुटबॉलप्रमाणे इथे खेळाडूसाठी मोठी रोख किंमत मोजून तो विकत घेता येत नाही. कॅपच्या वर असलेल्या संघाने जेवढ्या पगाराचा खेळाडू आणायचा, साधारण तेवढ्याच पगाराचे खेळाडू द्यावे लागतात. त्यामुळे तराजूच्या पारड्यात वजन टाकण्यासाठी अशा खेळाडूंना भाव येतो ज्यांचा खेळ संपत आलेला असतो, पण करार मोठा आणि एकाच वर्षाचा उरलेला असतो. ३१ जुलै २००७ रोजी बोस्टन सेल्टिक्सने गार्नेटच्या बदल्यात पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीतल्या दोन निवडी दिल्या. त्या पाचांत मिनेसोटाला मनापासून हवा होता तो तरुण अल जेफरसन, आणि वजनासाठी होता तो थिओ रॅटलिफ, ज्याचा मोठा करार वर्षभरात संपून मिनेसोटाचा कॅप मोकळा होणार होता.

तरीही हा व्यवहार गार्नेटच्या होकाराशिवाय होणे शक्य नव्हते. एका वर्षाने करार संपवून मोकळे होण्याची मुभा त्याच्याकडे होती आणि वर्षभरासाठी सात मोहरे कोणी देत नाही. जूनमध्ये त्याने बोस्टनला नकारच दिला होता. मग बोस्टनने सिअ‍ॅटलकडून रे ॲलनला आणले, पॉल पिअर्स तिथे होताच, आणि गार्नेटने करार वाढवून होकार दिला. आदल्या हंगामात २४ सामने जिंकलेल्या बोस्टनने पुढच्या हंगामात ६६ जिंकले. एका वर्षात ४२ विजयांची वाढ यापूर्वी कोणत्याही संघाने केली नव्हती. गार्नेट सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि १७ जून २००८ रोजी अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात लेकर्सला १३१-९२ असे हरवून बोस्टन विजेता झाला. काहीही अशक्य नाही, अशा अर्थाचे शब्द तो मैदानावर आकाशाकडे पाहत ओरडला, ते अजून दाखवले जाते.

शरीराचा कागद मात्र कोणत्याही एजंटला बदलता येत नाही. २००९ च्या फेब्रुवारीत उजवा गुडघा दुखावला आणि त्या वर्षीच्या प्लेऑफला तो मुकला. पुढे उड्या कमी झाल्या तेव्हा त्याने खेळ जमिनीवर आणला. बचावात साथीदारांना जागा सांगणे, नेमक्या क्षणी आडोसा देणे आणि मध्यम अंतरावरून फेकणे एवढ्यावर तो आणखी काही वर्षे सामन्याच्या सुरुवातीला उतरणाऱ्या पहिल्या पाचांत राहिला. २०१२ मध्ये त्याने बोस्टनशी तीन वर्षांचा करार केला आणि त्यात, माझ्या संमतीशिवाय मला कुठेही पाठवायचे नाही, असे कलम घालून घेतले. हे कलम मागण्याचा हक्क लीगमध्ये आठ आणि त्याच संघात चार वर्षे काढलेल्यालाच असतो, त्यामुळे ते फार थोड्यांच्या वाट्याला येते.

ते लगेच कामी आले. २०१३ मध्ये बोस्टनने ३७ वर्षांच्या गार्नेटला आणि ३५ वर्षांच्या पिअर्सला ब्रुकलिन नेट्सकडे पाठवायचे ठरवले तेव्हा त्याची समजूत काढावी लागली. ब्रुकलिनला तत्काळ विजेतेपद हवे होते. बदल्यात त्यांनी २०१४, २०१६ आणि २०१८ या वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी दिल्या, आणि २०१७ मध्ये निवडीचा क्रमांक बदलून घेण्याचा हक्क. एक वर्षाआडची ही विचित्र रांग योगायोगाची नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपिअन यांनी आपल्या निवडी इतक्या उधळल्या की लीगने लागोपाठच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी देऊन टाकायला मनाई केली. तो नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २०१७ ची निवड देता येत नव्हती, म्हणून ती ‘बदलून’ दिली.

ब्रुकलिनमध्ये गार्नेटने २ क्रमांकाची जर्सी घातली. मिनेसोटातला त्याचा मित्र मलिक सीली हा तो क्रमांक घालायचा. मे २००० मध्ये, गार्नेटचा वाढदिवस साजरा करून घरी परतताना तो मोटार अपघातात गेला होता. बास्केटबॉलच्या दृष्टीने या मुक्कामात सांगण्यासारखे फारसे नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये गार्नेटने पुन्हा आपल्या कलमाचा हक्क सोडला आणि तो मिनेसोटात परतला. फ्लिप सॉंडर्स या त्याच्या जुन्या प्रशिक्षकाने त्याला आणले होते, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॉंडर्स वारले. शेवटच्या हंगामात गार्नेट ३८ सामने खेळला, सामन्याला सरासरी १५ मिनिटांहूनही कमी. सप्टेंबर २०१६ मध्ये, करारात वर्ष शिल्लक असताना संघाशी तडजोड करून, तो निवृत्त झाला. २१ हंगाम, १,४६२ सामने, २६,०७१ गुण, १४,६६२ रिबाउंड. नुसत्या पगारातून मिळकत ३३ कोटी डॉलरहून अधिक. तिच्यातून कर आणि एजंटचा हिस्सा वजा होतो हे वेगळे सांगायला नको. २०१८ मध्ये त्याने कोर्टात दावा केला की त्याचे पैसे सांभाळणाऱ्याने, हिशेबनीसाच्या मदतीने, त्याला ७.७ कोटींना बुडवले. संघांशी पै-पैचा घासून हिशेब करणाऱ्या खेळाडूच्या घरच्या हिशेबाची ही गोष्ट वाचून मला वाईट वाटले.

ज्या मालकाने १९९७ मध्ये ‘वेडा’ करार केला म्हणून इतर मालकांनी बोटे मोडली, त्या टेलर यांनी २०२१ मध्ये संघ १५० कोटी डॉलरला विकण्याचे ठरवले, ज्यात महिलांचा लिंक्स हा संघही होता.

बोस्टनने ब्रुकलिनकडून घेतलेल्या निवडींचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ब्रुकलिनचा संघ कोसळला, त्यामुळे त्यांच्या निवडी वर वर सरकल्या. २०१६ च्या निवडीतून बोस्टनला तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राउन मिळाला. २०१७ ला अदलाबदलीतून थेट पहिला क्रमांक हाती आला. तो फिलाडेल्फियाला देऊन बोस्टनने तिसरा क्रमांक आणि आणखी एक निवड घेतली आणि जेसन टेटमला उचलले. २०२४ मध्ये या दोघांच्या जोरावर बोस्टन पुन्हा विजेता झाला. ब्राउनने २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी, तेव्हाच्या अंदाजानुसार ३० कोटी डॉलरहून अधिक रकमेपर्यंत जाणारा, त्या वेळचा लीगमधला सर्वात मोठा करार केला होता आणि वर्षभरात टेटमने ३१ कोटींहून अधिक रकमेवर सही करून तो मागे टाकला. दोघांच्याही पहिल्या वर्षाच्या पगाराचा आकडा एकाच सूत्राने निघतो: सॅलरी कॅपच्या ३५ टक्के, १९९९ मध्ये गार्नेटचा करार पाहून मालकांनी आखलेली ती वरची रेघ.